लोड होईपर्यंत

रंजिताने आजवर पुष्कळ यंत्रांना फसवलं होतं. नंदुरबारातल्या एका प्रशिक्षण संस्थेत ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आणि त्या धंद्यात दुसरं असतं काय? सेन्सरला भासवायचं की पाणी तापलंय, मोटारीला भासवायचं की टाकी रिकामी आहे, आणि तपासणीला आलेल्या साहेबांना भासवायचं की सगळी मीटरं चालू आहेत. पण या हिवाळ्यात तिने फसवायला घेतलेलं यंत्र तिच्या थोरल्या भावाचं होतं. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर. त्याला पटवायचं होतं की बाबा रे, तुझ्या शेजारी अजून टेपरेकॉर्डर बसलेला आहे, काही बदललेलं नाही.

कॉम्प्युटर म्हणजे शाळेच्या पाटीएवढा काळा डबा. वर रबराची बटणं, मागे टीव्हीची वायर. पोटात साठवण अशी नाहीच. वीज गेली की शिकलेलं सगळं विसरायचा, आणि त्या काळी गावात वीज यायची ती जाण्यासाठीच. म्हणून प्रोग्राम ठेवायचे ते गाण्याच्या साध्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपात. कॅसेट लावायची, टेपमधून कॉम्प्युटरला वायर जोडायची, की पुढची चार-पाच मिनिटं नुसती किंचाळी. पत्र्यावर खिळा ओढत न्यावा तशी. ती सगळी नीट आत गेली तर प्रोग्राम 'लोड' झाला. मध्ये एवढंसं जरी चुकलं तरी पडद्यावर चूक झाल्याची एक इंग्रजी ओळ यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता टेपरेकॉर्डर मेला होता. त्याच्या आतला रबरी पट्टा वितळून काकवीसारखा चिकट झाला होता. त्याच्या जागी रंजिता एक सोंगाड्या बसवत होती. काडेपेटीहून जरा मोठं सर्किट, त्यात एक मेमरी कार्ड आणि 'प्ले'चं एक बटण. कॅसेटवरचा आवाज कार्डावर घ्यायचा आणि कार्डावरचा कॉम्प्युटरच्या कानात सोडायचा. कॉम्प्युटरला वाटणार, टेपच वाजतोय.

हा सगळा उपद्व्याप चालला होता तो आईसाठी. धनुबाई. नवरा गेल्यापासून ती लेकीकडे नंदुरबारला राहत होती. जावई सुरतेला नोकरीला, नातू पुण्याला, तेव्हा घरात मायलेकी दोघीच. दिवाळीच्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजींच्या डोळ्यांचा मागचा पडदा झिजत चाललाय, आहे ते दिसणं काही महिने टिकेल, पुढचं सांगता येत नाही. धनुबाईने घरी येऊन पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाली,

"बाई, दिसी ऱ्हायनं शे तोवर मले हेमूनी ती कॅसेट दखाडी दे."

"कोनती, माय?" रंजिताने विचारलं. खरं तर तिला ठाऊक होतं.

"त्या दिननी."

हेमू म्हणजे हेमकांत. रंजिताचा भाऊ, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्यांचं गाव तापीकाठचं, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडचं. वडील रतिलाल गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. नवसारीच्या एका मित्राचा भाऊ विलायतेहून परतला होता, त्याच्याकडून गुरुजींनी हा डबा आणला. गावाने काय नावं ठेवावीत! शेजारचा बन्सीलाल तर वर्षभर म्हणत होता, गुरुजी, याच्यात म्हैस आली असती. पण हेमकांतला त्या डब्याने असं काही वेड लावलं की पोरगा जेवणही त्याच्यासमोरच घेऊन बसायचा.

धनुबाईने पहिल्यांदा ती किंचाळी ऐकली तेव्हा ती चुलीवरची भाकरी टाकून धावत आली होती. तिला वाटलं, कशाला तरी आग लागली. हेमकांतने समजावलं की कॅसेट बोलतेय आणि कॉम्प्युटर ऐकतोय.

"हाई यंत्र आयकस?" तिने विचारलं.

"हां माय, आयकस."

झालं. त्या दिवसापासून धनुबाईने घरात कायदा केला. यंत्र ऐकत असताना कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही. आपला आवाज आत गेला तर पोराची मेहनत वाया जाईल! भाकरी थापायची बंद. गुरुजींनी वर्तमानपत्राचं पान उलटायचं तेही बेताने. बन्सीलाल विळा मागायला आला, तर दारातच हाताने थोपवला. बिचारा चोरासारखा उभा. आणि ती स्वतः, जी बाई पहाटेपासून पाठ टेकायची नाही, जिला सणासुदीलाही बसून जेवायला वेळ नसायचा, ती हेमकांतच्या शेजारी जमिनीवर येऊन बसायची. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावरच्या धावत्या रंगीत पट्ट्यांवर. टेपचा आवाज किती ठेवला म्हणजे लोड होतं ते तिनेच हेरलं होतं, आणि आवाजाच्या चक्रीवर त्या जागी कुंकवाचा ठिपका लावला होता. किंचाळी संपली, काम झालं, की ती पदर खोचून उठायची.

एवढ्याशा रंजिताला एकदा यातली गोम कळली. बन्सीलालची शेळी अंगणातल्या वाळत्या तुरीवर तुटून पडली होती, म्हणून ती जिवाच्या आकांताने ओरडली, आणि घरात तेव्हा लोड चाललेलं. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून ती घाबरून आत गेली, तर प्रोग्राम मजेत चालू! तिने भावाला गाठलं. हेमकांत हसला.

"आवाज वायरमाईन जास, वेडी. बाहेर ढोल बडाव, तरी काही व्हस नही."

"मंग मायले सांग ना."

"नको." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तू बी सांगू नको. नही ते ती उठी जाई."

रंजिताने ते गुपित पाळलं. लहान मुलं पाळतात तसं पाळलं, आणि पुढे त्यात पाळण्यासारखं काही होतं हेही तिच्या लक्षात राहिलं नाही.

बारावीच्या वर्षी हेमकांतला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग गळ्यात माळ झाली, आणि डोळे हळदीसारखे झाले तेव्हा गुरुजींनी धुळ्याला न्यायचं ठरवलं. रंजिताला आधीच खांडबाऱ्याला मावशीकडे धाडलं होतं, त्यामुळे तो दिवस तिने पाहिला नाही. आईकडून ऐकला. जीप यायला वेळ होता. हेमकांतने खाटेवरूनच सांगितलं, माय, नवीन प्रोग्राम बनवलाय, तुला दाखवतो, कॅसेट लाव. तिने लावली. ती संपायच्या आत जीपचा हॉर्न वाजला. धुळ्याला गेलेला हेमकांत परत आला तो पांढऱ्या चादरीत.

"दखानं ऱ्हाई गयं," एवढं सांगून झालं की धनुबाई दर वेळी पुढे म्हणायची, "पन मी त्या दिन बी कोनाले बोलू दिधं नही." त्यात तिचा थोडा मानही असायचा. निदान आपल्याकडून काही बिघडलं नाही, असा.

तर ती कॅसेट. रंजिताने गावच्या ट्रंकेतून काढली तेव्हा तिच्यावर पांढरी बुरशी चढली होती. ही एकदा वाजली तर वाजेल, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही, हे तिला बघताक्षणीच कळलं. तिने कॅसेटमधली पट्टी स्पिरिटने पुसली, टेपरेकॉर्डरला तात्पुरता नवा पट्टा चढवला आणि जीव मुठीत धरून कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतली. वाजता वाजता पट्टीची साल निघत होती. वाजून झाली आणि कॅसेट जी अडकली ती अडकलीच. उतरवलेल्या आवाजातही मध्ये एक भोक होतं, पट्टी चुरगळली होती तिथे. सोंगाड्याने तो आवाज ऐकवला की कॉम्प्युटर तिथवर यायचा आणि तीच इंग्रजी ओळ दाखवून मोकळा व्हायचा. रंजिताच्या नाकी नऊ आले. संस्थेतून आली की ती लॅपटॉपवर आवाजाच्या लाटा मोठ्या करून बघत बसायची आणि मोडलेल्या लाटा आजूबाजूच्यांवरून अदमासाने पुन्हा काढायची. फाटक्या कापडाला रफू करावं तसं काम.

बाहेर मिरचीचा हंगाम भरात आला होता. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत होती, बाजार समितीत ढीग लागले होते, आणि वारा फिरला की अख्खं नंदुरबार खोकायचं. रिक्षावाले तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. धनुबाईला तर या वर्षी खोकल्याने अगदी बेजार केलं होतं. तरी ती रोज संध्याकाळी रंजिताच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, "व्हयनं का?"

एकदा रंजिताने उत्साहाने सगळं जोडून बटण दाबलं. धनुबाई वाट बघत राहिली.

"लाव ना."

"लायेल शे, माय."

"मंग आवाज कोठे शे?"

आता आवाजाची गरजच नाही, सगळं वायरीतून मुकाट्याने जातं, असं सांगायला रंजिताने तोंड उघडलं, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. आवाज नसेल तर ते हेमूचं कसं होईल? तसंही लोड झालंच नाही, कारण सोंगाड्याचा आवाज फार दुबळा पडत होता. मग तिने आवाज वाढवायचं सर्किट जोडलं, ऐकू यावं म्हणून एक छोटा स्पीकर जोडला, आणि जुन्या टेपरेकॉर्डरची आवाजाची चक्री काढून या नव्या पेटीला बसवली. कुंकवाचा ठिपका अजून होता, काळपट पडलेला. नव्या सर्किटात तो भलत्याच जागी येत होता. चक्री ठिपक्याच्या बरीच पुढे न्यावी लागली. पण रंजिताने ठिपका पुसला नाही.

आणि एका रविवारी दुपारी लोड झालं.

किंचाळी सुरू झाली तशी धनुबाई खुर्चीवरून उठली आणि या वयात, गुडघे धरत, जमिनीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर तिने भिंतीकडे असं बघितलं की भिंतीनेच ओशाळावं. पडद्याच्या कडेने रंगीत पट्ट्या धावल्या. रफू केलेली जागा आली, रंजिताने श्वास रोखला, जागा निघून गेली. किंचाळी थांबली.

पडद्यावर वर इंग्रजी अक्षरांत आलं: माय आणि शेळी. खाली पिवळे ठिपके पसरले, अंगणात वाळत घातलेल्या तुरीचे. मग एक चौकोनी ठिपक्यांची बाई आली, डोक्यावर पदर, हातात काठी. डावीकडून एक शेळी तुरुतुरु चालत तुरीकडे निघाली.

"बटन दाब, माय."

धनुबाईने बोट टेकवलं. बाईने काठी उगारली. शेळी टुणकन उडी मारून पळाली.

"अरे! ही ते मीच शे!" धनुबाई पडद्याच्या पार जवळ गेली. "दख ना, मन्हा पदर. आनि ही बन्सीलालनी शेळी. मेला, मन्ही नक्कल करस!"

ती हसली. रंजिताने आईला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. एक, दोन, चार शेळ्या पळाल्या. एक निसटली, तिने तूर खाल्ली, आणि खेळ संपला. पुन्हा सुरुवातीचा पडदा आला.

"आखो?" धनुबाई म्हणाली.

"आखो काय नही. इतलंच शे."

"इतलंच?" तिचं हसू ओसरलं. ती पडद्याकडे नाही, स्पीकरकडे बघत होती. "बोलनं काहीच नही?"

"खेळ शे तो, माय. त्यामा बोलनं कसं ऱ्हाई?"

धनुबाई म्हणाली, "परत लाव. पहिलापाईन."

रंजिताने कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि बटण दाबलं. किंचाळी सुरू झाली. धनुबाईने मान तिरकी केली आणि कान स्पीकरकडे नेला, गर्दीत ओळखीची हाक शोधावी तशी. आणि तेवढ्यात खिडकीतून मिरचीचा भपकारा आला.

तिला खोकला आला. तिने तो गिळला. पुन्हा आला, तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, खांदे गदागदा हलले, पण आवाज म्हणून नाही. ऐंशीची बाई, छातीत काही भरलं तर? रंजिताने आईच्या तोंडातला पदर ओढून काढला.

"खोकी ले, माय! काही व्हस नही. आवाज मझार जासच नही."

धनुबाई खोकली, भरपूर खोकली. मग धाप लागलेल्या स्वरात म्हणाली, "काय?"

"बाहेरना आवाज मझार जास नही. वायरमाईन जास तोच जास. तू आठे ढोल बडाव ना." रंजिता वर्गात सांगावं तशी, जरा हसतच सांगत होती. आई खोकली याचंच तिला बरं वाटत होतं. "दख, तू इतली खोकनी, तरी चालूच शे."

"आते नही जास. नवं यंत्र शे."

"पहिले बी नही जाये, माय. कधीच नही."

किंचाळी चालूच होती. धनुबाई काळ्या डब्याकडे बघत राहिली.

"हेमूले मालूम व्हतं?"

"व्हतं ना," रंजिता म्हणाली, आणि मग तिने आईचा चेहरा पाहिला. पण सुटलेला शब्द आता परत कुठून येणार?

धनुबाई बोलायला लागली ती अगदी हळू, जुन्या सवयीने, यंत्राला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. त्या दिवशी कॅसेट निम्मी वाजली असेल. हेमू खाटेवर पडलेला. त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, माय, आयक ना, मी तुले सांगस... आणि तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

"चूप, भाऊ, बिघडी जाई. असं म्हनं मी त्याले. तो हसना. डोया मिटी लिन्हा. मंग जीप उनी." तिने आपलं बोट उचलून पाहिलं. "मी त्याले चूप करं, बाई. त्याना प्रोग्रामसाठे करं. आनि मले वाटे, जे दोन शब्द बोलना ते कॅसेटमझार तरी गया व्हतीन. यंत्र आयकस, त्यानीच सांगेल व्हतं. म्हनीसन तुले लावाले सांगं."

रंजिताला कळलं. सबंध हिवाळा ती समजत होती की आईला बघायचंय. आई ऐकायला बसली होती! आईने जन्मभर उराशी धरलेली एकच गोष्ट होती, की आपण पोराला गप्प केलं ते त्याच्याच भल्यासाठी. ती गोष्ट रंजिताने फळ्यावरची चूक पुसावी तशी पुसून टाकली होती, हसत हसत. तिला आपल्या शहाणपणाची शिसारी आली. जुनी यंत्रं ऐकायची गं, मीच चुकले, असं खोटं बोलावं असंही मनात आलं. पण धनुबाईला अशी थाप पचली नसती, तिने नवऱ्याच्या थापा आयुष्यभर ओळखल्या होत्या. मग तिच्यापाशी द्यायला उरलं काय? भावाचं एक वाक्य.

"माय, त्यानी मले सांगेल व्हतं. मायले सांगू नको म्हने."

"का बरं?"

"नही ते ती उठी जाई, म्हने." रंजिता म्हणाली. "तू दिनभर बठेच नही ना. कॅसेट लावो तव्हच बठे. त्याले तू बाजूले बठेल पाहिजे व्हती, म्हनीसन त्यानी सांगं नही."

किंचाळी थांबली. पडद्यावर तूर पसरली, पदरवाली बाई काठी घेऊन उभी राहिली, आणि शेळी आली. कुणी बटण दाबलं नाही. शेळीने तूर खाल्ली.

धनुबाईने हात पुढे करून त्या काळ्या डब्यावर ठेवला. दुपारभर चालून तो कोमट झाला होता.

"मी नसती उठनी रे, भाऊ," ती म्हणाली. "तू सांगतास ते बी नसती उठनी."

रंजिता तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मग धनुबाईने पदराने तोंड पुसलं.

"परत लाव."

रंजिताने लावलं. या वेळी धनुबाई गप्प बसली नाही. आधी तिने खोकून घेतलं, अगदी मोकळ्या गळ्याने. मग किंचाळीच्या वर आवाज चढवून ती हेमकांतशी बोलायला लागली. तुझे वडील गेले, शेवटी तुझंच नाव घेत होते, म्हणाली. बन्सीलालही गेला, शेळ्याही गेल्या. रंजी तुझ्यासारखीच निघाली, दिवसभर वायरीत डोकं घालून बसते, वेळेवर जेवत नाही. तुरीचं शेत आता पपईचं झालंय. माझं दिसणं चाललंय, पण तुझी शेळी दिसली. ती सांगत राहिली, पट्ट्या धावत राहिल्या, आणि यंत्र तिच्या एकाही शब्दाने अडलं नाही.

शेवट जवळ आला तसं तिने विचारलं, "तू काय सांगी ऱ्हायना व्हता, भाऊ? बोल ना. आते बोल."

आणि त्याला बोलता यावं म्हणून ती थांबली.

किंचाळी संपली. पदरवाली बाई येऊन उभी राहिली. धनुबाईने तिच्याकडे बघितलंही नाही.

"परत लाव," ती म्हणाली, आणि रंजिताने बटण दाबलं.